चौथ्या दिवसाचा सूर्य आणि माझ्या आत्याचा हात

काळीची_लेक

सलाम सगळ्यांना.

मी दारव्ह्याकडच्या एका लहान गावात राहते. गावात आमची ख्रिस्ती घरं अकरा. मंडळीला स्वतःचे पाळक नाहीत, ते महिन्यातून दोन रविवारी बाहेरून येतात. उपासना झाली की मी लेकरांची संडे स्कूल घेते. सात-आठ लेकरं असतात, पाऊस असला तर तीनच.

मागच्या महिन्यात बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाचा, जगाच्या निर्मितीचा, पहिला अध्याय शिकवत होते. सातवीतल्या एका पोरीनं हात वर केला. "ताई, सूर्य चौथ्या दिवशी केला, मग पहिले तीन दिवस संध्याकाळ आणि सकाळ कशानं झाली?" प्रश्न चांगला होता. मी म्हटलं, थांब, आपण सगळे मिळून पुन्हा वाचू. त्या दिवशी बाहेरगावाहून एक प्रचारक आले होते, मागं बसले होते. ते उठले आणि म्हणाले, "लिहिलंय तसंच घडलं. देवाच्या वचनाला प्रश्न विचारणं ही सैतानाची पहिली सवय, बागेतल्या सापानं तेच केलं." पोरगी खाली बसली. त्यानंतर तीन रविवार झाले, तिनं तोंड उघडलं नाही.

एवढंच असतं तर मी धागा काढला नसता. ते बोलले तेव्हा मला माझ्या आत्याचा हात दिसत होता.

आत्याच्या उजव्या हाताला कोपराखाली फिकट चट्टा आला होता. भाकरी करताना तव्याला हात टेकला, कातडी पोळली, तरी तिला कळलं नाही. आशाताईनं बघितलं, आरोग्य केंद्रात नेलं, कुष्ठरोग निघाला, गोळ्यांची पाकिटं सुरू झाली. बारा महिने घ्यायची होती. तिसऱ्या महिन्यात असेच एक प्रचारक आले. हे नव्हे, दुसरे. त्यांनी अंगणात बसून बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय वाचला. 'अशुद्ध, अशुद्ध' असं महारोग झालेल्या माणसानं ओरडावं, छावणीबाहेर एकटं राहावं, हे वाचलं. मग मिर्यामेची गोष्ट सांगितली, तिनं मोशेविरुद्ध बोलल्यावर ती बर्फासारखी पांढरी झाली. म्हणाले, यामागं पाप आहे, कबूल करा. गोळ्या म्हणजे अविश्वास, याकोबाच्या पत्रात प्रार्थना आणि तेल सांगितलंय, गोळी सांगितलेली नाही. आणि बरं होईपर्यंत उपासनेला दाराजवळ बसा.

माझी आत्या दाराजवळ बसली. गोळ्या चुलीमागच्या फळीवर ठेवून दिल्या. चार महिने. चौथ्या महिन्यात करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलं. मग मी तिला ओढत नेलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पूर्ण झाल्या, आजार गेला. बोटं सरळ झाली नाहीत. आता ती डाव्या हातानं भाकरी थापते.

मला इथं वाद जिंकायचा नाही. माझा विश्वास गेला नाही, आणि 'बायबल सगळं रूपक आहे' असं म्हणून मोकळं व्हायचं माझ्या मनात नाही. पण 'लिहिलंय तसं' म्हणजे नेमकं कसं, हे मला समजून घ्यायचंय. जाणकारांनी बोलावं.

---

वचनसेवक

ताई, सलाम. आत्याबद्दल वाचून वाईट वाटलं. गोळ्या सोडायला सांगणं चूक, हे आधी सांगतो. लूक वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. यशयानं हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितला. औषधाविरुद्ध पवित्र शास्त्रात काही नाही.

पण एका चुकीच्या माणसामुळं सगळी शब्दशः शिकवणूक टाकू नका. मी बुलढाण्याकडचा, माझे आजोबा एक अक्षर न शिकलेले. त्यांना कोणी रूपक शिकवलं नव्हतं. त्यांनी ऐकलं की देवानं सहा दिवसांत जग केलं, आणि त्या भरवशावर दारू सोडली, कर्ज फेडलं, सहा लेकरं वाढवली. साध्या माणसाला साधं वचन लागतं.

दुसरं. निर्गम २० मध्ये शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा देताना देव स्वतः सहा दिवस म्हणतो. प्रभू येशूनं मत्तय १९ मध्ये आदाम-हव्वेचा दाखला दिला. रोमकरांस ५ मध्ये पौल म्हणतो, एका माणसानं पाप जगात आलं. आदाम चिन्ह असेल तर पापही चिन्ह, मग वधस्तंभ कशासाठी? आज दिवस रूपक, उद्या जलप्रलय, परवा पुनरुत्थान. ही उतरण कुठं थांबते ते मला कोणीतरी सांगावं. मनापासून विचारतोय.

---

वावरातला_बावा

पोरी, मी ७१ वर्साचा. नातू लिहून देऊन रायला. आर्णीकडचा आहो.

मले शिकलेली गोष्ट येत नाई, वावराची येते. येशूनं सांगतलेली पेरनाऱ्याची गोष्ट घे. मी लहान असतानी आमच्या बापाले इचारलं, हा कोन शेतकरी आहे बाबा, बी पांदनीवर टाकते, बरडावर टाकते, काट्यात टाकते? आपल्या इकडं तिफन असते, सरत्यातून बी तासात पडते, बाईच्या मुठीतून एक दाना इकडचा तिकडं होत नाई. पांदनीवर बी टाकला असता त आमच्या बापानं मले धुऱ्यावरच झोडपलं असतं.

मंग आमचे जुने पाळकसाहेब होते, त्याईनं समजावलं, तिकडं बी फोकून पेरत. हातानं फोकलं म्हंजे काई दाने पांदनीवर जानारच. तवा मले ते गोठ खरी वाटली. आन् शेवटी लिवलं ना, कुठं तीसपट, कुठं साठपट, कुठं शंभरपट. आता गव्हू एकरी चाळीस किलो पेरला आन् बारा क्विंटल झाला, त तीसपट झाला. आज मोटरपंप आहे, खत आहे, तरी तीसपट. मंग त्या काळात, बिना खताचा, शंभरपट! ऐकनारे शेतकरी उठून उभे झाले असतीन.

वावर खरं समजलं तवा मले रूपक समजलं. आन् रूपक येशूनंच सोडवून सांगतलं, बी म्हंजे वचन. मंग शब्दशः का रूपक, असं काऊन इचारता? मले त दोन्ही लागले.

---

यवतमाळकर

बावाजींना नमस्कार. मला जे म्हणायचं होतं ते त्यांनी आधीच म्हटलं.

माझे वडील यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकले. १९५३ साली ती यवतमाळात सुरू झाली, १९८३ मध्ये पुण्याला गेली. कापसाच्या बाजाराच्या गावात लोक हिब्रू-ग्रीक शिकत होते, हे आज कोणाला खरं वाटत नाही. वडिलांच्या वहीतून थोडं लिहितो.

लोकांना वाटतं की डार्विन आला, विज्ञान आलं, घाबरून ख्रिस्ती लोकांनी 'दिवस म्हणजे युग' म्हणायला सुरुवात केली. तसं नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेन विचारत होता की सूर्याशिवाय पहिला, दुसरा, तिसरा दिवस कोणता समंजस माणूस मानील. ताई, तुमच्या सातवीतल्या पोरीचा प्रश्न अठराशे वर्षं जुना आहे, आणि विचारणारा त्याच्या काळातला सगळ्यात मोठा बायबलपंडित होता.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मपंडितानं उत्पत्तीवर मोठा ग्रंथ लिहिला. नाव दिलं 'उत्पत्तीचा शब्दार्थ'. त्यात त्यानं मांडलं की देवानं सगळं एकदम निर्माण केलं आणि ते सहा दिवस आपल्या घड्याळाचे दिवस नव्हेत. याला तो रूपक म्हणत नव्हता, शब्दार्थ म्हणत होता. त्यानं आणखी एक गोष्ट बजावून सांगितली: आकाश, तारे, प्राणी यांबद्दल जे इतरांना अनुभवानं माहीत आहे त्यावर ख्रिस्ती माणूस शास्त्राच्या नावानं चुकीचं बोलला, तर ऐकणारे पुनरुत्थानाबद्दल त्याचं काय म्हणून ऐकतील? वचनसेवकजी, तुमच्या उतरणीची काळजी त्यालाही होती. फक्त त्याला ती दुसऱ्या बाजूनं दिसत होती.

मध्ययुगात तर एका वचनाचे चार अर्थ सांगत. यरुशलेम म्हणजे ते खरं शहर, तेच मंडळी, तोच माणसाचा आत्मा, आणि तेच स्वर्गातलं नगर. पुढं धर्मसुधारक ल्यूथरला या चार पदरांचा कंटाळा आला, त्यानं साध्या शब्दावर भर दिला. पण १५२९ साली मारबुर्गला प्रभुभोजनावर, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीतल्या भाकरीच्या विधीवर, त्याची आणि झ्विंग्ली या दुसऱ्या सुधारकाची बोलणी झाली तेव्हा काय झालं बघा. ल्यूथरनं मेजावर खडूनं 'हे माझं शरीर आहे' असं लिहून ठेवलं आणि तिथून हलला नाही. झ्विंग्ली म्हणाला, 'आहे' म्हणजे 'दर्शवतं'. दोघंही फक्त शास्त्र मानणारे, दोघंही प्रामाणिक. आज जे उत्पत्तीचे दिवस शब्दशः घेतात त्यांतले बहुतेक प्रभुभोजनाची भाकर प्रतीक मानतात. कॅथलिक मंडळी भाकर खरं शरीर मानते आणि सहा दिवसांवर तिचा आग्रह नाही. सगळं शब्दशः घेणारा मला अजून कोणी भेटला नाही.

---

माळरान

वाचनखूण साठवली. सावकाश वाचते.

---

चट्टा_तपासा

मी कुष्ठरोगाच्या कामात बावीस वर्षं काढली, चंद्रपूर-गडचिरोली भागात. धर्मानं ख्रिस्ती नाही. धागा शोधत आले नव्हते, मैत्रिणीनं पाठवला. पण लेवीय १३ मी वाचलंय, कारण मला ते वाचून दाखवणारे पेशंट भेटलेत.

ताई, त्या अध्यायात जो आजार आहे तो तुमच्या आत्याला झालेला आजार नाही.

मूळ हिब्रू शब्द त्सारात. जुन्या ग्रीक भाषांतरात त्याला लेप्रा म्हटलं, म्हणजे खवले धरणारा त्वचारोग. त्या काळचे ग्रीक वैद्य आपल्या कुष्ठाला वेगळ्याच नावानं ओळखत. पुढं शतकानुशतकं नावं एकमेकांत मिसळली, आणि मराठीत 'महारोग', 'कुष्ठ' आलं. लक्षणं पडताळून बघा. लेवीयात चट्ट्यावरचे केस पांढरे होतात. कुष्ठाच्या चट्ट्यावरचे केस गळतात, पांढरे होत नाहीत. कुष्ठाची पहिली ओळख म्हणजे बधिरपणा. मी चट्ट्यावर पिसानं किंवा पेनाच्या टोकानं हलकं टेकवते आणि डोळे मिटायला सांगते. लेवीयाच्या अख्ख्या अध्यायात बधिरपणाचा शब्द नाही. आणि हाच 'रोग' पुढं कापडाला होतो, चामड्याला होतो, चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीला होतो, हिरवट किंवा तांबूस डाग पडतात. भिंतीला कुष्ठ होत नाही. ती बुरशी आहे, पावसाळ्यात आपल्या प्रत्येक घरात असते.

कुष्ठाचा जंतू हान्सेननं १८७३ साली नॉर्वेत दाखवला. आता औषध मोफत आहे, सहा किंवा बारा महिने. औषध सुरू झालं की थोड्याच काळात पेशंटपासून कोणाला लागण होत नाही. दाराजवळ बसवण्याचं कसलंच कारण नव्हतं. उशीर झाला की नस जाते, आणि गेलेली नस गोळीनं परत येत नाही. हे वाक्य मी किती घरांत बोलले असेन.

विदर्भात तपोवन आहे, दत्तपूर आहे, आनंदवन आहे. कुष्ठरुग्णांसाठीची ही ठिकाणं का उभी राहिली? घरच्यांनी, गावानं, देवळानं माणसं बाहेर काढली म्हणून. आणि कोठाऱ्याचं कुष्ठरुग्णालय ख्रिस्ती मिशनचंच आहे, हेही सांगायला हवं. एकाच ग्रंथाच्या माणसांनी दोन्ही केलं.

आत्यांच्या हाताला अजून व्यायाम आणि तेल-पाण्याची निगा लागते. बधिर हात रोज बघायला सांगा, जखम झाली तर तिला कळणार नाही.

---

काळीची_लेक

चट्टा_तपासा ताई, तुमचं लिहिलेलं वाचून मी रात्री लेवीय १३ पुन्हा काढलं. कंदिलाएवढ्या उजेडात, लाइट गेली होती. आजपर्यंत मी तो अध्याय फक्त त्या प्रचारकाच्या आवाजात ऐकला होता. स्वतः कधी सलग वाचला नव्हता.

त्यात याजक काहीच बरं करत नाही. तो फक्त बघतो. शंका असली तर सात दिवस थांबतो, पुन्हा बघतो, पुन्हा सात दिवस थांबतो. घाईनं कोणाला अशुद्ध म्हणू नये म्हणून अख्खा अध्याय लिहिलाय असं वाटतं. आणि बाराव्या-तेराव्या ओवीत तर असं आहे की चट्टा डोक्यापासून पायापर्यंत पसरला, सगळं अंग पांढरं झालं, तर तो माणूस शुद्ध! त्या अध्यायात पापाचा शब्द मी शोधला. सापडला नाही. मिर्यामेची गोष्ट वेगळ्या पुस्तकातली, ती इथं आणून कोणी जोडली? माणसानं जोडली.

म्हणजे ज्यांनी माझ्या आत्याला 'लिहिलंय तसं' सांगितलं, त्यांनी लिहिलेलं वाचलंच नव्हतं. त्यांनी एक मराठी शब्द वाचला, 'महारोग', आणि त्याच्यापुढं आपल्या गावातली भीती वाचली. मी इतके दिवस समजत होते की त्यांची चूक म्हणजे त्यांनी फार शब्दशः घेतलं. आता वाटतं, पुरेसं शब्दशः घेतलंच नाही.

पंडिता रमाबाईंनी म्हातारपणापर्यंत हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत केलं, साध्या बायांना कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, बायबल १९२४ मध्ये छापून आलं. हातातल्या मराठी शब्दावर भागवायचं असतं तर त्या बाईनं एवढे कष्ट कशाला केले असते?

---

वचनसेवक

ताई, तुमचं शेवटचं वाचून मी पण अध्याय काढला. कापड आणि भिंतीचं मला माहीत होतं, पण मी ते नेहमी घाईनं ओलांडत आलो. हे मान्य करतो. तेराव्या ओवीचं मला माहीतच नव्हतं.

पण माझा प्रश्न तिथंच आहे. आजाराचं नाव चुकलं, दुरुस्त केलं, ठीक. दिवसाचं काय? हिब्रूतला 'योम' म्हणजे दिवसच. पुनरुत्थानाचं काय? रेष कुठं?

---

रिद्धपूरची_वाट

दंडवत प्रणाम. आमचं घर महानुभाव, मोर्शी तालुक्यातलं. दुसऱ्याच्या घरात बोलतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे दृष्टांतपाठ आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी एकत्र केले. त्याची मांडणी मला इथं सांगावीशी वाटते. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे मूळ वचन, दृष्टांत म्हणजे गोष्ट, दार्ष्टांतिक म्हणजे ती गोष्ट कशाला लागू होते ते. आंधळ्यांनी हत्ती चाचपला तो दृष्टांत सगळ्यांना माहीत आहे. आमच्यात लहान पोरालाही कोणी विचारत नाही की तो हत्ती कोणत्या गावचा. पण म्हणून दृष्टांत खोटा, असंही कोणी म्हणत नाही. आणि त्याच वेळी स्वामी कोणत्या गावी गेले, कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूला बसले, याची नोंद लीळाचरित्रात इतकी बारकाईनं आहे की लोक आजही ती स्थानं शोधून तिथं डोकं टेकवतात. लीळा ती लीळा, दृष्टांत तो दृष्टांत. दोन्ही त्याच परंपरेनं जपले, दोन्ही पवित्र. वाचणाऱ्याला ओळखावं लागतं की हातात काय आहे.

बायबलात ती मांडणी लिहून ठेवलेली नसेल. पण ओळखीच्या खुणा असतीलच ना?

---

दगडवेडा

मी वरोऱ्याकडे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. धाग्यात एक विदर्भातला माणूस राहून गेला, त्याच्याबद्दल लिहितो.

स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडचा मिशनरी, १८४५ साली नागपुरात आला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. हा माणूस गावोगाव वचन सांगत फिरायचा आणि फिरताना दगड उचलायचा. नागपूरजवळच्या टाकळीला आपल्या काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये एक मातकट थर सापडतो, त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, बिया, पानांचे ठसे. म्हणजे लाव्हा आला, थंड झाला, त्यावर तळी झाली, त्यात जीव वाढले, आणि मग पुन्हा लाव्हा आला. हिस्लॉप आणि त्याचा सहकारी हंटर यांनी नागपूर परिसराच्या भूगर्भावर आणि जीवाश्मांवर लिहिलेला लेख लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात १८५५ मध्ये छापला गेला. आमच्या वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याच्या डायनोसॉरच्या हाडांच्या अभ्यासातही त्याचं नाव सुरुवातीलाच येतं.

आज आपण त्या लाव्ह्याचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास सांगतो. हिस्लॉपकडे तो आकडा नव्हता. पण थरावर थर त्यानं डोळ्यांनी पाहिले होते, आणि त्याच्याच भाषेत छापलेल्या कित्येक बायबलांच्या समासात तेव्हा आर्चबिशप अशरच्या १६५०च्या हिशोबानं जगाची सुरुवात ख्रिस्तपूर्व ४००४ अशी दिलेली असायची. दगडाची पेटी एका हातात, बायबल दुसऱ्या हातात, असा तो अठरा वर्षं आपल्या काळ्या मातीत फिरला. मिशनरीच राहिला. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परत येताना ओढ्याच्या पुरात बुडाला.

मी माझ्या मुलांना पिसदुऱ्याला नेतो. त्यांत ख्रिस्ती मुलंही असतात. त्यांना मी कधी म्हणत नाही की हा दगड खरा आणि तुमचं पुस्तक खोटं. पण दगड खोटा, असंही मी म्हणू शकत नाही. आपल्या पायाखालची काळी माती त्याच लाव्ह्याची झालेली आहे.

---

यवतमाळकर

वचनसेवकजींच्या रेषेच्या प्रश्नावर थोडक्यात. बायबल पूर्ण निर्दोष मानणाऱ्या लोकांनीच १९७८ साली शिकागोत एक निवेदन केलं. त्यातही स्पष्ट आहे की शास्त्र वाचताना साहित्यप्रकार बघावा, आणि निसर्गाचं डोळ्यांना दिसतं तसं वर्णन, गोळाबेरीज आकडे, अतिशयोक्ती यांनी वचन खोटं ठरत नाही. कॅथलिक मंडळीनं १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेत साहित्यप्रकारांबद्दल हेच सांगितलं. दोन टोकं या मुद्द्यावर एकत्र येतात.

यहोशवा १० मध्ये सूर्य थांबला, ती ओळ याशाराच्या ग्रंथातून घेतली असं तिथंच लिहिलंय, आणि ती कवितेची ओळ आहे. गॅलिलिओच्या वेळी ती खगोलशास्त्राची ओळ म्हणून वाचली गेली. गॅलिलिओला दोषी ठरवणारा १६३३ चा निकाल चूक होता हे पोपनं १९९२ मध्ये मान्य केलं.

---

वावरातला_बावा

नातू सारं वाचून दाखवून रायला. मले एक इचारायचं आहे, आन् कोनाले राग आला त येऊ द्या.

बायबलात अनुवाद नावाचं पुस्तक आहे, त्याच्या १५ मधी लिवलं, सातव्या वर्षी कर्ज सोडून द्या. लेवीय २५ मधी लिवलं, पन्नासाव्या वर्षी ज्याची जमीन त्याले वापस. लेवीय १९ मधी लिवलं, धुऱ्याच्या कडंचं पीक कापू नका, सरवा येचू नका, गरिबासाठी सोडा. हे त आकाशाचं नाई, गोगलगायीचं नाई. हे हिशोबाचं आहे. सातवं म्हंजे सातवं.

माह्या सारी जिंदगीत, इतके प्रचारक आले, एकानंबी सांगतलं नाई का हे शब्दशः घ्या. सूर्य शब्दशः, साप शब्दशः, आन् कर्जाचं वर्स आलं का म्हनते, बावा, ते आत्मिक आहे, पापाच्या कर्जाची गोठ आहे. आमच्या भावानं सावकाराचं देनं होतं म्हून फवारनीचं औषध पेलं. त्याच्या मयतीच्या दिवशीबी आत्मिक कर्जाचंच सांगतलं.

माही माय सरवा येचत होती. दुसऱ्याच्या वावरात, ज्वारी निंघाल्यावर. एका मालकानं कनसं खुडून मुद्दाम तासात टाकली होती. तो कोन्या धर्माचा होता मले मालूम नाई. पन बायबलात सरवा येचनाऱ्या रूथची गोठ वाचली का मले तोच दिसते. वावराच्या मालकानं, बवाजानं, गड्याले सांगतलं ना, मूठभर मुद्दाम टाका तिच्यासाठी.

---

काळीची_लेक

बावाजी, तुमच्या भावाबद्दल वाचून हात थांबला. दिवसभर काही लिहिता आलं नाही.

तुम्ही जे विचारलंत ते मी माझ्या धाग्यात विचारायला हवं होतं. मला आता दोन्ही घटना शेजारी दिसतात. आत्याच्या बाबतीत एक शब्द कडक करून तिला दाराजवळ बसवलं. तुमच्या भावाच्या बाबतीत एक स्वच्छ, आकडा घातलेली आज्ञा पातळ करून आत्मिक केली. एकदा शब्दशः, एकदा रूपक, आणि दोन्ही वेळा भार खालच्याच माणसावर आला. म्हणून मला 'शब्दशः की प्रतीक' हा प्रश्न आता अर्धा वाटतो. कोणत्या ठिकाणी कोण काय निवडतो आणि त्याचा भार कोण उचलतो, हेही विचारायला हवं.

वचनसेवकदादा, तुमची रेष. मी शिकलेली नाही तेवढी, पण या आठवड्यात उत्पत्ती १ आणि लूक १ शेजारी ठेवून वाचलं. लूक सुरुवातीलाच सांगतो की ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांच्याकडून विचारून, नीट शोध करून लिहितोय. पौल पहिल्या करिंथकरांत पुनरुत्थानाचे साक्षीदार सांगतो, केफा म्हणजे पेत्र, बारा जण, मग पाचशेहून अधिक भाऊ, आणि म्हणतो त्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत. जा, विचारा, असंच ते आहे. ही साक्ष आहे. ती मी साक्ष म्हणूनच घेते, त्यात रूपकाला जागा नाही, आणि माझा जीव त्यावरच टेकलेला आहे.

उत्पत्तीचा पहिला अध्याय तसा बोलतच नाही. तो ओवीसारखा चालतो. 'देव बोलला', 'तसे झाले', 'चांगले आहे असे देवाने पाहिले', 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली', पुन्हा पुन्हा, जात्याच्या फेऱ्यासारखं. पहिल्या दिवशी उजेड, चौथ्या दिवशी उजेड देणारे. दुसऱ्या दिवशी पाणी आणि आकाश, पाचव्या दिवशी मासे आणि पाखरं. तिसऱ्या दिवशी जमीन, सहाव्या दिवशी जमिनीवरची जनावरं आणि माणूस. आधी तीन घरं बांधली, मग तीन घरांत वस्ती केली. आणि सातव्या दिवसाला 'संध्याकाळ झाली' हे शब्दच नाहीत, तो दिवस मावळत नाही. हे मला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही, पाटीवर दोन रांगा लिहिल्या तेव्हा दिसलं. नंतर यवतमाळकरांनी सांगितलं की अभ्यासकांना हे कधीचं ठाऊक आहे.

दुसऱ्या अध्यायात तर माणूस आधी आणि झाडं नंतर. लिहिणाऱ्याला हे दिसलं नसेल का? दिसलं असणार. तरी त्यानं दोन्ही ठेवलं. आदाम हा शब्द अदामा म्हणजे माती, त्यावरून आलेला. मातीचा म्हणून मातकऱ्या, असं काहीतरी. वखरून ठेवलेल्या वावरात पहिला पाऊस पडल्यावर उभं राहिलं की मला ते कळतं, त्यासाठी तारीख लागत नाही. पाप खरं आहे की नाही, याची शंका मला कधीच आली नाही, दादा. आत्या दाराजवळ बसली होती आणि आम्ही अकरा घरं आत बसून गात होतो.

---

वचनसेवक

ताई, शेवटची ओळ वाचून मी फोन ठेवून दिला होता.

मी सहा दिवस अजूनही सहा दिवसच मानतो. ते तुम्ही मला सोडायला लावू शकणार नाही, आणि तुम्ही तसा हट्टही केला नाहीत. पण बावाजींनी जे विचारलं, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी सतरा वर्षं प्रवचन करतो, अनुवाद १५ वर एकदाही केलं नाही. शब्दशः मानणारा म्हणवून घेतो आणि हा अध्याय मी कधी उघडला नाही. येत्या रविवारी तोच वाचणार आहे. मंडळीत दोघं जण व्याजानं पैसे देतात, समोरच बसतात. बघू.

आत्यांना माझा सलाम सांगा. आणि त्या पोरीलाही सांगा, प्रश्न विचारणारी मार्ता होती, थोमा होता, मरीयाही होती. "हे कसे होईल?" असं तिनं देवदूताला विचारलं, आणि देवदूतानं उत्तर दिलं.

---

चट्टा_तपासा

सलामाबरोबर आत्यांना हेही सांगा: तवा उचलताना जाड फडकं दोन्ही हातांना. आणि वळलेल्या बोटांची तपासणी एकदा करून घ्या. काही हात शस्त्रक्रियेनं सुधारतात, उशीर झालेलेसुद्धा. संपर्क निरोपातून पाठवते.

---

काळीची_लेक

आत्याला दोन्ही सांगितलं. शस्त्रक्रियेचं ऐकून ती बराच वेळ हाताकडे बघत बसली, मग म्हणाली, सोयाबीन निघू दे.

काल रविवार होता. पोरं आली, ती पोरगीही आली. मी पाटीवर दोन रांगा काढल्या, एकीकडे १, २, ३, दुसरीकडे ४, ५, ६, आणि म्हटलं, जोड्या लावा. ती शेवटी बसली होती. जोड्या तिनंच लावल्या. मग पाटीजवळ उभी राहून म्हणाली, "ताई, सातव्याची जोडी कोणाशी?"

मी म्हटलं, मला माहीत नाही, तू सांग. पुढच्या रविवारी सांगते म्हणाली.

बावाजी, पेरणाऱ्याचा अध्याय त्यानंतर घेणार आहे. आर्णीहून येणं जमलं तर या. आमच्याकडे तिफण आहे, पण सरता धरता येणारं घरात कोणी उरलं नाही.

---

वावरातला_बावा

येतो. सरतं मी धरीन. पोरीले सांगजो, एक मूठ फोकूनबी दाखवू, पांदनीवर किती दाने जाते ते मोजू.